सत्तेचाळिसाव्या वर्षी दहावी

प्रश्न विचारणाऱ्या ताई कळव्याला राहतात. वय ४७. गावाकडे आठवी पास झाल्यावर शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि गेली अकरा वर्षं त्या ठाण्यात चार घरी पोळ्याभाजीचं काम करतात. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या लिहितात: 'दहावी करायची फार इच्छा आहे. पण या वयात माणूस नव्याने काही होऊ शकतो का? वाचलेलं डोक्यात राहत नाही. लोक हसतील याची भीती वाटते. आणि करून तरी उपयोग काय?'

ताई, मी लालबाग-परळ भागातल्या एका रात्रशाळेत सव्वीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवते आहे. माझ्या वर्गात सतरा वर्षांचा कँटीनमधला मुलगा आणि पन्नाशीची भाजीवाली एका बाकावर बसलेली असतात. तुमच्यासारखे शेकडो विद्यार्थी मी जवळून पाहिले आहेत, पास होणारे आणि मधेच सोडून जाणारेही. तुमच्या प्रश्नातलं प्रत्येक वाक्य मी वर्गात ऐकलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी 'डोक्यात राहत नाही' हे घेऊ, कारण त्याबाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा वर्गात गिरणीतून बाहेर पडलेले बरेच जण होते. मुंबईच्या कापडगिरण्यांत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांना नंतर गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसलाच नाही. कुणी वॉचमन झालं, कुणी वडापावची गाडी टाकली, कुणी गावी गेलं. आमच्या शाळेत आलेले एक काका पूर्वी साचेखात्यात, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात, कामाला होते. वय पन्नासच्या आसपास. कुठल्याशा ऑफिसात शिपायाच्या जागेसाठी दहावी लागेल असं कुणीतरी सांगितलं म्हणून आले होते. पहिल्या बाकावर बसायचे, माझ्या तोंडाकडे एकटक बघायचे, आणि प्रश्न विचारला की भलतंच उत्तर द्यायचे. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'काका, किती वेळा सांगायचं?' त्यांनी वही बंद केली. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. पुढे आमच्या जुन्या सरांनी मला सांगितलं, 'बाई, साचेखात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला ऐकू कमी येतं. तो तुमच्या ओठांवरून शिकत होता.' मी फळ्याकडे तोंड करून शिकवत होते.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला काही समजत नाही असं वाटलं, की बुद्धीकडे वळायच्या आधी डोळे, कान, हात आणि झोप तपासायची. तुम्हीही तेच करा. चाळिशी उलटली की जवळचं अंधुक दिसायला लागतं, म्हणून तर त्या चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो. तुम्ही अकरा वर्षं पोळ्या लाटताय. पोळपाटावरची पोळी हाताच्या अंतरावर असते, ती स्वच्छ दिसते. पाठ्यपुस्तकातली अक्षरं त्याहून जवळ आणि कितीतरी बारीक. दोन पानं वाचली की कपाळ दुखतं, ओळ सुटते, तीच ओळ दोनदा वाचली जाते, आणि माणूस म्हणतो की माझ्या डोक्यात राहत नाही. आमच्या वर्गात दरवर्षी दोघातिघांचा 'अभ्यास' नुसत्या चष्म्याने सुधारतो. पुस्तक विकत घ्यायच्या आधी डोळे तपासून घ्या.

दुसरा हात. हे कुणी सांगत नाही, पण मोठ्या माणसाची परीक्षा बहुतेक वेळा हातावर अडते. मराठीचा पेपर ८० गुणांचा आणि ३ तासांचा असतो. पंचवीस-तीस वर्षांत सहीपलीकडे काही लिहिलेलं नसेल, तर पहिल्या अर्ध्या पानातच अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. पेन इतकं घट्ट धरलेलं असतं की बोटांची टोकं पांढरी पडतात. येतं सगळं, पण पेपर निम्मा राहतो. यावर एकच उपाय आहे. रोज एक पान उतरवून काढायचं. वर्तमानपत्रातलं, पोथीतलं, धड्यातलं, काहीही चालेल. अक्षर सुंदर यायला नको, हात न थांबता चालायला हवा. दीड-दोन महिन्यांत फरक पडतो. हे शाळेत नाव घालायच्या आधीच सुरू करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

राहिली खरी स्मरणशक्ती. वय वाढतं तसा नवीन गोष्ट पकडायचा वेग कमी होतो, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सतरा वर्षांचं पोर सनावळ्या एका रात्रीत पाठ करतं, तुम्हाला चार दिवस लागतील. पण शब्दसंग्रह, अनुभवातून आलेली समज, दोन गोष्टींचा संबंध लावणं, हे वयाबरोबर टिकतं, बरेचदा वाढतंही. धडा समजून उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिण्यात आमच्या मोठ्या विद्यार्थिनी पोरांच्या पुढे असतात. तुम्ही फक्त पद्धत बदला. तोच धडा पाच वेळा वाचू नका. एकदा वाचा, पुस्तक मिटा, आणि पोळ्या लाटताना मनाशी सांगून बघा की काय वाचलं. अडलं तिथे संध्याकाळी पुस्तक उघडा. दोन दिवसांनी पुन्हा आठवा, मग आठवड्याने. आठवायचा प्रयत्न केल्याने जितकं पक्कं होतं तितकं वाचून होत नाही. तुमचे हात कामात असतात तेव्हा डोकं मोकळं असतं, ही सोय कॉलेजच्या पोरांकडे नाही.

आता गणित. त्याची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. आमच्याकडे एक मावशी होत्या, मार्केटबाहेर भाजी विकायच्या. अपूर्णांकाचा धडा सुरू झाला की मान खाली. एके दिवशी मी विचारलं, 'मावशी, साठ रुपये किलोची फरसबी, पाऊण किलो दिली. किती घेणार?' 'पंचेचाळीस.' माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर आलं. मग मी फळ्यावर लिहिलं, ३/४ × ६०, आणि विचारलं, हे किती? त्या म्हणाल्या, 'ते नाही बाई येत.' मी काही न बोलता तीन छेद चारच्या खाली लिहिलं: पाऊण. साठच्या खाली लिहिलं: भाव. त्या फळ्याकडे बघत राहिल्या. मग पुढे आल्या, माझ्या हातातला खडू घेतला आणि बरोबरच्या चिन्हापुढे ४५ लिहिलं. त्यांच्या आजीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीडचे पाढे, तोंडपाठ होती, ते सगळं यांच्या जिभेवर उतरलं होतं. फक्त ते लिहायचं कसं हे ठाऊक नव्हतं.

उणे संख्यांचंही तसंच. वजा पाचातून वजा तीन वजा करा म्हटलं की पोरंसुद्धा गोंधळतात. मावशींना मी विचारलं, कुणाची तुमच्याकडे पाच रुपयांची उधारी आहे, त्यातली तीन रुपयांची उधारी तुम्ही खोडून टाकली, तर त्याची उधारी किती उरली? दोन. म्हणजे उणे दोन, झालं. तुम्ही चार घरांचं पीठ-तेलाचं माप, महिन्याचा हिशोब, खाड्यांचे पैसे हे सगळं तोंडी करत असणार. दहावीच्या बीजगणिताचा बराचसा भाग त्याच्याच जिवावर उभा आहे. भूमितीचं मात्र तसं नाही. तिथे प्रमेयं समजून घ्यायला वेळ द्यावाच लागतो. बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० गुणांचे दोन स्वतंत्र पेपर असतात, पण विषय एकच धरतात, त्यामुळे एकाचा आधार दुसऱ्याला मिळतो.

दहावीला कुठून बसायचं? तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. रात्रशाळेत नववीला प्रवेश घेतला तर दोन वर्षं लागतील. शाळा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होते, नऊ-साडेनऊला सुटते. शिक्षक आणि सोबत, दोन्ही मिळतं. पण रात्रशाळा मुख्यतः मुंबईत आहेत, आणि रोज लोकलने येऊन-जाऊन दहाला घरी पोचणं तुम्हाला झेपेल का, हे तुम्हीच ठरवा. दुसरी वाट १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या. त्याला किमान पाचवी पास लागते, तुमची आठवी आहे. फॉर्म ऑनलाइन भरायचा, जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, आणि परीक्षा नेहमीच्या मुलांबरोबर फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. एखाददुसरा विषय राहिला तर जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते.

तिसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. तिथे वयाची वरची अट नाही. पाच विषय घ्यायचे, मराठी माध्यम आहे, गणिताऐवजी गृहविज्ञानासारखा विषय निवडता येतो, आणि मुख्य म्हणजे एकेक विषय सुटा देता येतो. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, पास झालेले गुण जमा राहतात. चार घरची कामं सांभाळून शिकणाऱ्या बाईला ही सोय फार मोलाची आहे. माझं मत विचाराल तर, गणिताशी दोन हात करायची तयारी असेल तर १७ नंबर, आणि घरात आजारपण, पाहुणे, गावचं काही ना काही सतत चालू असेल तर एनआयओएस. दोन्हींची दहावी ही दहावीच असते.

वाट कुठलीही घ्या, पहिला कागद एकच लागतो, शाळा सोडल्याचा दाखला. तो गावच्या शाळेत जनरल रजिस्टरवरून मिळतो. हरवला असेल तर द्वितीय प्रत मागायची, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. त्या दाखल्यावर दोन गोष्टी बघून तुम्हाला धक्का बसेल, म्हणून आधीच सांगते. जन्मतारीख बहुधा १ जून निघेल. पूर्वी नाव घालायला आलेल्या पोराची तारीख घरच्यांना माहीत नसली की गुरुजी एक जून टाकायचे. आमच्या वर्गात निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. आधारकार्डावर वेगळी तारीख असेल तर ते आत्ताच बघून ठेवा, फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात त्याची पळापळ होते. दुसरं म्हणजे नाव. दाखल्यावर तुमचं माहेरचं नाव असेल, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. हॉलतिकिटावर आणि गुणपत्रिकेवर तेच येणार. लग्नानंतरचं नाव राजपत्रात आलेलं असेल तर ते जोडून पुढे वापरता येतं, पण शाळेच्या कागदावर तुम्ही अजून वडिलांची मुलगीच आहात.

जूनमध्ये पहिल्यांदा हजेरी घेते तेव्हा मला हे दरवर्षी दिसतं. माहेरचं पूर्ण नाव पुकारलं की चाळिशी-पन्नाशीच्या बायका लगेच 'हजर' म्हणत नाहीत. इकडेतिकडे बघतात. एकजण तर मागे वळून बघत होती, कोण ते. मग लक्षात आलं आणि तिचे डोळे भरून आले. तीस वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती, वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. मी हजेरी थांबवून पाणी प्यायला गेले, कारण मलाही आवरेना. स्वतःला नव्याने घडवायचं म्हणजे वेगळंच कुणीतरी व्हायचं असं तुम्हाला वाटत असेल, तर मी वर्गात जे पाहते ते त्याहून वेगळं आहे. जी मुलगी आठवीत दप्तर ठेवून उठली, तिलाच या बायका पुन्हा येऊन भेटतात, आणि मधल्या तीस वर्षांत जे शिकल्या ते तिच्या हातात देतात.

लोक हसतील का? काही हसतील. परीक्षा केंद्रावर गेटवर तुम्हाला सांगतील, 'पालकांनी बाहेर थांबा.' तेव्हा हॉलतिकीट दाखवायचं आणि आत जायचं. आमच्या बहुतेक बायकांबाबतीत हे घडलेलं आहे, आणि नंतर त्या ते अभिमानाने सांगतात. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन निघाल्या. तिथेही पहिल्या दिवशी कुणीतरी हसलंच असेल. आपल्याकडे मोठ्या माणसांना शिकवायची रीत काही आजची नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ मध्ये.

मोठ्या वयात काही केलं म्हटलं की लोक महर्षी कर्व्यांचं उदाहरण देतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी महिला विद्यापीठ, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवं मंडळ. माणूस थोरच. पण ते गणिताचे प्राध्यापक होते, शिकायची सवय त्यांना आधीपासून होती. मी वर्गात त्यांच्या मेहुणीची, पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगते. कोकणातल्या, अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरी मूल. विशी उलटल्यावर त्या शिकायला लागल्या आणि पुढे कर्व्यांच्या विधवांसाठीच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. इंग्रजी येत नाही ही खंत होती, म्हणून पन्नाशीला आलेल्या असताना, १९१८ मध्ये, त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. घरकाम करता करता परकी भाषा शिकलेली ही बाई तुमच्या जास्त जवळची आहे, ताई.

घरचं सांगते, कारण आमच्याकडे शाळा सोडून जाणारे बहुतेक पहिल्या दीड महिन्यातच जातात, आणि अभ्यास जड जातो म्हणून फार थोडे जातात. संध्याकाळचा स्वयंपाक, सासूचं औषध, नवऱ्याची शिफ्ट, यातच वाट अडते. 'मी शिकणार आहे, मला मदत करा' असं मोघम सांगू नका. त्यावर सगळे हो म्हणतात आणि कुणी काही करत नाही. नेमकं सांगा: सोमवार ते शुक्रवार आठ ते साडेनऊ मी उठणार नाही, कुकर तुम्ही लावायचा. जेवणानंतर अभ्यासाला बसू नका, दिवसभर उभं राहून काम केलेल्या बाईला झोप अनावर होते आणि मग ती स्वतःलाच दोष देते. पहाटे उठता येत असेल तर पहाटेचा अर्धा तास रात्रीच्या दोन तासांना भारी आहे. आणि चारातलं एकही घर लगेच सोडू नका. पैशाची ओढ लागली की पहिलं पुस्तक मिटतं. परीक्षेच्या आधीचा महिनाभर एक घर कमी करता आलं तर बघा.

मुलीला शिकवायला बसवायचं टाळा. तिच्यावर प्रेम आहे म्हणूनच सांगते. मुलं आईला शिकवताना चटकन चिडतात, 'अगं आई, आत्ताच तर सांगितलं ना' म्हणतात, आणि ते आईला फार लागतं. तिच्याकडून एकच काम घ्या. रोज रात्री तिने पंधरा मिनिटं धडा वाचायचा आणि तुम्ही शुद्धलेखन लिहायचं. इंग्रजीच्या स्पेलिंगलाही हेच चालतं.

शेवटचा प्रश्न, उपयोग काय. इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. राज्य सरकारच्या नोकरभरतीत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही सर्वसाधारण वयोमर्यादा आहे, त्यामुळे ते दार तुमच्यासाठी बंद आहे. कुणी दहावीच्या जोरावर सरकारी नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका. पण खाजगीत हाऊसकीपिंगला सुपरवायझर, पाळणाघर, वसतिगृहाचं स्वयंपाकघर, अशा जागी दहावी विचारली जाते, आणि तुमचा अकरा वर्षांचा अनुभव तिथे पोरींच्या पुढे असेल. बचतगटात वह्या लिहिणारी बाई नेहमी हवी असते. स्वतःचा डबा सुरू करायचा म्हटलं तर परवान्याचा फॉर्म, बँकेचं कर्जप्रकरण, मालाची बिलं, हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागणार नाही. आमच्या भाजीवाल्या मावशी पास झाल्यावरही भाजीच विकतात. फक्त आता होलसेलच्या दुकानातली चिठ्ठी त्या स्वतः वाचतात, आणि दोनदा त्यांनी त्यातली चूक दाखवून पैसे परत घेतले.

आता या आठवड्यात एवढंच करा. डोळे तपासून घ्या, एक शंभरपानी वही आणा आणि गावच्या शाळेत दाखल्यासाठी फोन करायला भावाला सांगा. त्यांना तुमचं माहेरचं पूर्ण नाव आणि शाळा सोडल्याचं साधारण वर्ष लागेल, म्हणजे रजिस्टर शोधायला सोपं जातं. दाखला आला की त्यावर 'आठवी उत्तीर्ण' असं लिहिलंय की 'आठवीत शिकत होती' ते नीट बघा आणि मला कळवा. रात्रशाळेत नववी मिळेल की आठवी, ते त्या एका शब्दावर ठरतं.